परदेशी मुंगी नको, दारचा मुंगळा पाळा

मुंग्या पाळण्याची हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. काचेच्या पेटीतले बोगदे, अंड्यांचा ढीग, इंचभर लांबीची राणी आणि तिच्याभोवतीची लगबग मोबाइलवर पाहून शाळकरी मुलं आईबापांकडे हट्ट धरतात. नोकरीला लागलेले तरुण तर स्वतःच्या पगारातूनच ही हौस भागवतात. यात हसण्यासारखं काही नाही. या पाळण्याला खर्च थोडा लागतो, आवाज नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही, आणि पाहायला जे मिळतं ते मोठ्या जनावरांतही सहसा मिळत नाही. तेव्हा मुंग्या जरूर पाळा. सांगणं एवढंच आहे की परदेशातली मोठी मुंगी मागवू नका. तुमच्या अंगणातला, सोसायटीच्या झाडाखालचा काळा मुंगळा या हौसेला पुरून उरतो. मी असं का म्हणतो ते आधी सांगतो आणि मुंगळा पाळायचा कसा ते नंतर.

एप्रिल २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. दोघेही विशीच्या आतले. त्यांच्याकडे सापडल्या सुमारे पाच हजार राणी मुंग्या. बावीसशेवर टेस्ट ट्यूबांत ओल्या कापसाचे बोळे घालून त्या अशा बेताने भरल्या होत्या की दोन महिने जिवंत राहाव्यात. त्यांत आफ्रिकेतली धान्य साठवणारी मोठी मुंगी होती. तिचं शास्त्रीय नाव मेसर सेफालोटिस. युरोपातले हौशी लोक हिच्या एकेका राणीला दहा-दहा हजार रुपयांच्या घरात पैसे मोजतात. आपण हौस म्हणून मुंग्या गोळा केल्या, हे बेकायदा आहे याची कल्पना नव्हती, असं दोघांनी न्यायालयात सांगितलं. मे महिन्यात निकाल लागला : प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर एक वर्ष कैद. रुपयांत हा दंड साडेसहा लाखांच्या आसपास जातो. त्याच सुमारास चारेकशे मुंग्यांसह पकडलेल्या एका व्हिएतनामी आणि एका केनियन माणसालाही तीच शिक्षा झाली. हत्तीचे दात आणि गेंड्याची शिंगं पकडणाऱ्या केनियाच्या वन्यजीव खात्याने मुंग्यांच्या चोरीलाही जैविक चोरीच म्हटलं.

मुंगीसाठी एवढा दंड कशाला, असं कुणालाही वाटेल. ते समजायचं तर राणी म्हणजे काय हे समजून घ्यायला हवं. मुंग्यांच्या घरात दिसणाऱ्या कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात, पण घर वाढवणारी अंडी घालते ती राणी. पावसाच्या सुमारास पंख असलेल्या कोवळ्या राण्या आणि नर बिळाबाहेर पडून उडतात. त्या उड्डाणात मीलन होतं. नर लवकरच मरतात. राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते आणि बीळ शोधते. त्या वेळी पोटात साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुढचं सगळं आयुष्य अंडी घालते. पुन्हा मीलन नाही. हजारो राण्या उडतात, पण पक्षी, पाली, कोळी आणि इतर मुंग्यांच्या तोंडून फार थोड्या वाचतात. त्यांतल्या एखादीचंच पुढे हजारो मुंग्यांचं घर होतं. म्हणून टेस्ट ट्यूबमधली एक राणी उचलली म्हणजे एक मुंगी उचलली असं होत नाही. एक होऊ घातलेलं घर उचललं जातं.

यावर हौशी मंडळींचं एक उत्तर ठरलेलं असतं : बहुतेक राण्या तशाही मरणारच असतात, मग आम्ही चार उचलल्या तर काय बिघडलं? तुमच्या अंगणातली एक राणी तुम्ही उचललीत तर हे उत्तर खरं आहे, आणि म्हणूनच मी पुढे तसंच करायला सांगणार आहे. पण एकदा एखाद्या जातीला भाव फुटला की हिशेब बदलतो. मग माणसं एकाच माळरानावर पाळत ठेवतात, उडायला बाहेर पडणाऱ्या राण्या बिळाच्या तोंडाशीच गोळा करतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर बीळ खणतात. धान्य साठवणाऱ्या मुंग्या गवताचं बी वेचतात, वाहून नेतात, सांडतात. त्यातून गवत पसरतं. त्या माळावर चरणारी जनावरं या गवतावर जगतात. माळावरचं हे काम करायला टेस्ट ट्यूबमधली राणी परत येत नाही.

दुसरं कारण मुंगीच्या बाजूचं आहे. मोठी परदेशी मुंगी आपल्या घरात सुखी राहत नाही. मलेशिया, सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलातली डायनोमिर्मेक्स गायगस ही जगातल्या सर्वांत मोठ्या मुंग्यांपैकी एक. तिचे शिपाई इंचाच्या वर जातात आणि राणी सव्वा इंचाच्या घरात. व्हिडिओत ती भव्य दिसते. पण जंगलात तिच्या एका वसाहतीची घरं अनेक ठिकाणी पसरलेली असतात आणि तिचं रान एकरांत मोजावं लागतं. रात्र झाली की कामकरी मुंग्या खोडांवरून उंच झाडांच्या शेंड्यांकडे निघतात आणि मुख्यतः तिथल्या किड्यांनी पाझरवलेल्या गोड रसावर जगतात. तिथे हवेतली ओल कधी हटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यात, पंख्याखाली, टेबलावरच्या काचपेटीत तुम्ही तिला यातलं काय देणार? पहिल्या वर्षी चार-दोन कामकरी होतात, दुसऱ्या उन्हाळ्यात पेटी रिकामी होते. विकणारा तोवर पुढचं गिऱ्हाईक शोधत असतो.

काही मोठ्या मुंग्यांपासून तर अंगाला धोका आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली बुलेट अँट इंचभर लांबीची असते. कीटकदंशाच्या वेदना मोजायची जी मोजपट्टी शास्त्रज्ञांनी केली, तिच्यात हिची नांगी अगदी वरच्या पायरीवर आहे. ऑस्ट्रेलियातल्या बुलडॉग मुंग्या आणि त्यांची छोटी बहीण जॅक जंपर यांच्या दंशाने ॲलर्जी असलेल्या माणसांना जिवावरचं दुखणं येऊ शकतं. टास्मानियात त्यातून मृत्यूही झाले आहेत आणि तिथे यासाठी वेगळे उपचार द्यावे लागतात. घरात लहान मूल असताना अशी मुंगी आणणं म्हणजे उगाच विकतचं दुखणं. आणि मुंगी कधी ना कधी पेटीतून निसटतेच, हे मुंग्या पाळणारा प्रत्येक जण मनात जाणतो.

निसटली तर काय होतं, याची उदाहरणं जगभर आहेत. दक्षिण अमेरिकेतली लाल आगमुंगी १९३० च्या दशकात जहाजातून अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबाइल बंदरात उतरली आणि तिथून दक्षिणेकडची राज्यं तिने व्यापली. २०२३ मध्ये ती इटलीतल्या सिसिली बेटावर ठाण मांडून बसल्याचं जाहीर झालं. पिवळ्या वेड्या मुंग्यांनी हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर लक्षावधी लाल खेकडे मारले. ऑगस्ट २०२२ मध्ये याच मुंग्यांनी तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात करंदमलै जंगलाच्या पायथ्याच्या गावांतलं लोकांचं आणि गुराढोरांचं जगणं मुश्कील केल्याच्या बातम्या आपण वाचल्या. खरं सांगायचं तर या उपद्रवी मुंग्या बहुतेक लहान असतात, एकेका घरात त्यांच्या अनेक राण्या असतात, आणि त्या हौशी लोकांच्या पेटीतून कमी, जहाजांतल्या मालातून अधिक पसरल्या. मोठ्या मुंगीच्या बाबतीत एवढी भीती नसेलही. पण कोणती जात नव्या मातीत मातेल, हे ती पसरल्यावरच कळतं, आणि तेव्हा हात चोळत बसण्यापलीकडे उपाय उरत नाही. शिवाय राणीच्या अंगावरचे बारीक माइट्स आणि तिच्यासोबतची बुरशी फुकटात येते. धान्य साठवणारी आफ्रिकेतली मुंगी ज्वारी-बाजरीच्या शेतात कशी वागेल, हे पाहण्याचा प्रयोग शेतकऱ्याच्या जिवावर करू नये.

कायद्याचं म्हणाल, तर परदेशातून जिवंत कीटक आणण्यावर आपल्याकडे बंधन आहे. १९१४ च्या कीड-रोगविषयक कायद्याखाली २००३ मध्ये केंद्र सरकारने वनस्पती विलगीकरणाचा जो आदेश काढला, त्यानुसार अशा आयातीला आगाऊ परवानगी लागते, आणि ती संशोधनासारख्या कामासाठी असते. 'मुलाला आवडतात म्हणून' हे कारण तिथे चालणार नाही. पार्सलवर 'प्लॅस्टिकची खेळणी' लिहून मुंगी पाठवणारा विक्रेता तुम्हाला सोय करून देत नसतो. पकडलं गेल्यास पत्ता तुमचा असतो. शिवाय जी राणी येईल ती मीलन झालेली असेलच, सांगितलेल्या जातीचीच असेल, किंवा जिवंत तरी असेल, याची हमी कुणी देत नाही, आणि अशा मालाची तक्रार घेऊन जायचं तरी कुठे?

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींसाठी दोन शब्द. इंग्लंड-जर्मनीत मुंग्यांचा व्यापार उघड चालतो, दुकानं आहेत, त्यामुळे तिथल्या नातवंडाच्या वाढदिवसाला राणी भेट देणं सोपं वाटतं. दुकानात विकली जाते म्हणजे ती तिच्या देशातून रीतसर आली असं नाही. 'ही राणी कुठली, कुणाच्या परवानगीने आली?' एवढं विचारा; उत्तर गोलमाल आलं तर दुकानातून बाहेर पडा. अमेरिकेत तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राणी न्यायलाही कृषी खात्याची परवानगी लागते. म्हणून तिथे पोस्टाने जे मुंग्यांचे खेळ विकले जातात त्यांत राणी नसते, नुसत्या कामकरी असतात. काही आठवड्यांत त्या एकेक करून मरतात. निळ्या जेलीतल्या मुंग्यांचे जे संच आपल्याकडेही मिळतात, त्यांचंही तसंच. जेलीत पिल्लांना लागणारी प्रथिनं नसतात. मुलाला वसाहत वाढताना दाखवायची असेल तर असला संच घेऊ नका.

आता आपल्या मुंगळ्याकडे वळू. काही भागांत याला डोंगळा म्हणतात. झाडाच्या बुंध्याशी, पायवाटेच्या कडेला, ओट्याखाली याचं बीळ असतं. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. आजचं नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. एकाच घरात पाऊण सेंटिमीटरच्या बारक्या कामकऱ्यांपासून दीड सेंटिमीटरच्या मोठ्या डोक्याच्या शिपायांपर्यंत सगळ्या आकारांच्या मुंग्या असतात. व्हिडिओतली मोठी मुंगी तुम्हाला आवडली ती आकारासाठी ना? तो आकार इथे फुकट आहे. याला नांगी नसते. फार छेडलं तर चावतो आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतो, थोडं चुरचुरतं, बस्स. आपल्या उन्हाळ्याची, पावसाळ्याची याला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. आपल्या मुंग्यांकडे कौतुकाने पाहणारे पूर्वीही होते. मुंबई इलाख्यातल्या वनखात्याचे अधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'आपल्या मुंग्या' अशा नावाचे लेख लिहिले होते. आपल्या मुंग्यांना आपल्या म्हणायला आपण मागे का राहावं?

आपल्याकडे याहून विलक्षण मुंग्याही आहेत, पण त्या पाळू नका. रानात जाऊन पाहा. पश्चिम घाटातली उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर, मोठ्या डोळ्यांची आणि लांब जबड्यांची असते. ज्या दोन मुंग्यांचा जनुकसंच २०१० मध्ये सर्वांत आधी उलगडला, त्यांत ही एक. हिची राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी दिवसेंदिवस झुंजतात, आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. त्यांचा मेंदू सुमारे पाचव्या हिश्शाने लहान होतो आणि आयुष्य महिन्यांवरून वर्षांवर जातं. पुन्हा साधी कामकरी व्हावं लागलं तर मेंदू परत वाढतो, असं २०२१ मध्ये दिसून आलं. हिला जिवंत शिकार लागते आणि नांगी चांगली झोंबते. कोकणातल्या आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल ओंबिलाही घरात आणू नका. त्यांना अख्खं झाड लागतं, आणि पेटीतून सुटल्या तर घरातल्यांना तुम्ही सुटका म्हणून काय सांगणार?

मुंगळा मिळवायचा तर बीळ खणू नका. खणून राणी सहसा हाती लागत नाही, घर मात्र उद्ध्वस्त होतं. वळवाचा पाऊस किंवा मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की संध्याकाळी रस्त्याच्या, जिन्याच्या दिव्यांखाली पाहा. कामकरी मुंगळ्यापेक्षा ठसठशीत, पाऊण इंचाच्या आसपास लांब, फुगीर पाठीची एकटीच मुंगी सैरावैरा फिरताना दिसली तर ती राणी असण्याचा संभव मोठा. पाठ फुगीर असते कारण तिथे उडण्याचे स्नायू असतात. पंख तुटल्याच्या खुणा बाजूला बारकाईने पाहिलं तर दिसतात. पंख शाबूत असतील तर तिला सोडून द्या. बहुधा तिचं मीलन झालेलं नसतं. एकच राणी घ्या. मुंगळ्याच्या दोन राण्या एका नळीत ठेवल्या तर भांडण ठरलेलं. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून मात्र मुंगीसुद्धा उचलायची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे.

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात बोटभर जाडीची टेस्ट ट्यूब मिळते. तिचा एक तृतीयांश भाग उकळून गार केलेल्या पाण्याने भरा. कापसाचा घट्ट बोळा पाण्यापर्यंत सरकवा. तो ओला व्हावा, पण पाणी पुढे येऊ नये. राणी आत सोडा आणि तोंडाशी हवा खेळेल असा दुसरा बोळा बसवा. नळीला काळा किंवा लाल कागद गुंडाळून ती कपाटाच्या खणात आडवी ठेवा. लाल रंग मुंग्यांना जवळपास दिसत नाही. इंग्लंडच्या जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात मुंग्यांवर रंगीत प्रकाश टाकून हे दाखवलं होतं. त्यांनी काचांमध्ये पाळलेली एक राणी सुमारे पंधरा वर्षं जगली. खणाजवळ डासांची मशीन, फवारा किंवा मुंग्यांचा खडू अजिबात नको.

मग हात आवरा. राणीला खायला घालू नका. तिला आता पंखांची गरज नाही, म्हणून उडण्याचे स्नायू आणि अंगातली चरबी विरघळवून ती पहिल्या पिल्लांना भरवते. रोज नळी काढून पाहणाऱ्याची राणी घाबरून स्वतःची अंडी खाऊन टाकते. आठवड्यातून एकदा, मंद उजेडात, हळूच पाहा. आधी लांबट पांढरट अंड्यांचा पुंजका दिसेल, मग वाकड्या अळ्या, मग बदामी रंगाचे कोष. राणी ते सगळं तोंडात धरून कापसाच्या ओलीजवळ किंवा दूर हलवत असते, सतत चाटत असते. महिना-दीड महिन्यात एके दिवशी ती एका कोषावर वाकून जबड्याने तो हळूहळू फाडताना दिसेल. आतून बाहेर येणारी मुंगी काळी नसते. फिकट, अर्धपारदर्शक, पाय अंगाशी चिकटलेले. राणी तिचे पाय मोकळे करते, अंग पुसते. काळा रंग चढायला काही दिवस जातात. या पहिल्या कामकऱ्या इवल्याशा आणि भित्र्या असतात, कारण त्या आईच्या शिल्लक अंगावर वाढलेल्या असतात. हे ज्याने एकदा जवळून पाहिलं, त्याला केनियातली राणी मागवावीशी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिली कामकरी आली की खाणं सुरू करा. एक भाग साखर, चार भाग पाणी. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एक थेंब पुरतो. थेंब पिऊन आलेल्या मुंगीचं पोट ताणतं आणि काळ्या पट्ट्यांमधला फिकट पडदा दिसू लागतो. ती आत जाते, दुसरीच्या तोंडाला तोंड लावते आणि पोटातला रस तिला देते. मुंग्यांना दोन पोटं असतात : एक स्वतःचं, एक घराचं. तीन-चार दिवसांनी प्रथिनं द्या : मारलेला डास, नाकतोड्याचा पाय, उकडलेल्या अंड्याचा कण. घन अन्न पूर्ण वाढलेली मुंगी गिळू शकत नाही. ते अळ्यांना लागतं. घरातलं झुरळ देऊ नका, त्याने कुठे औषध खाल्लं असेल ते कळत नाही. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर बुरशी धरते.

लगेच मोठी पेटी आणू नका. मोठ्या जागेत थोड्या मुंग्या घाण कोपऱ्यात टाकतात आणि तिथे बुरशी वाढते. पंचवीस-तीस कामकऱ्या झाल्यावर नळी एका डब्याला जोडा, आणि शंभराच्या पुढे गेल्यावर कायमचं घर करा. प्लास्टर ऑफ पॅरिस मुंगळे कुरतडतात. बांधकामात वापरतात तो हलका एएसी ब्लॉक कोरून त्यावर काच बसवली तर टिकाऊ घर होतं. एका कोपऱ्यात ओल राहील, दुसरा कोरडा राहील असं करा, त्या स्वतः जागा निवडतात. हवेची भोकं स्टीलच्या बारीक जाळीने झाका. डब्याच्या वरच्या काठावर आतून टाल्कम पावडर आणि स्पिरिट यांचा पातळ लेप द्या. स्पिरिट उडून गेलं की पावडरीवर मुंगीचे पाय घसरतात. पावसाळ्यात दमट हवेने हा लेप उतरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. पुस्तकांच्या शेल्फवर पेटी ठेवायची आणि लेप द्यायला विसरायचं, असं करू नका.

हे सगळं सोपं आहे, पण लांबणारं आहे. काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या स्थितीत जवळपास २९ वर्षं जगल्याची नोंद आहे. मुंगळ्याची राणी दशकभर जगू शकते. दहावीतल्या मुलाने आणलेली राणी तो नोकरीला लागेपर्यंत घरात असणार, आणि तो शिकायला दुसऱ्या गावी गेला की साखरपाणी घालायचं काम आईकडे येणार. ती तयारी आहे का, हे आधी घरात बसून ठरवा. पहिल्या काही दिवसांत मन बदललं तर राणी जिथे सापडली त्याच ठिकाणी संध्याकाळी सोडा. वसाहत मोठी झाल्यावर नको झाली तर दुसऱ्या हौशी माणसाला किंवा शाळेच्या प्रयोगशाळेला द्या. लांबच्या जंगलात नेऊन सोडू नका. आपलीच मुंगी असली तरी दुसऱ्या जागी तिचे रोग घेऊन जाऊ नयेत.

शिक्षकांनो, एक विनंती तुम्हालाही. शाळेत मुंग्यांचा प्रकल्प करायचा असेल तर जूनमध्ये मुलांकडून दिव्याखाली राणी शोधवून घ्या, तारखा लिहवून घ्या, अंड्यापासून कामकरीपर्यंत किती दिवस लागले ते तापमानासोबत मांडायला लावा. आपल्या गावातल्या मुंगळ्यांच्या अशा नोंदी फारशा कुणी ठेवलेल्या नाहीत. मुलांच्या वह्या जपून ठेवल्या तर त्या उपयोगी पडतील.

आणि पालकांनो, मुलगा इंचभर मुंगीचा व्हिडिओ घेऊन आला तर त्याला नाही म्हणू नका, पार्सलही मागवू नका. पहिल्या पावसानंतर टॉर्च घ्या आणि त्याच्यासोबत जिन्याखाली जा. एक राणी, एक टेस्ट ट्यूब, थोडा कापूस. सगळा मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत. परदेशी मुंगी तिच्या मातीत राहू द्या.